नव्या गेमिंग संकेतस्थळाने सर्व काही द्यावे की एकच काम नेटाने करावे?

मूळ प्रस्ताव

व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मराठी मंडळींसाठी संकेतस्थळ काढण्याचा आमचा विचार आहे. त्यावर बातम्या, परीक्षणे, गप्पा असे सर्व काही असावे, असे बहुतेक सहकाऱ्यांना वाटते. माझे मत उलट आहे. इंग्रजीत सकाळी आलेली बातमी संध्याकाळी मराठीत वाचण्यासाठी कोणी मुद्दाम आपल्याकडे येणार नाही. या क्षेत्रात ज्यांचे नाव झाले, त्यांपैकी अनेकांनी प्रारंभी एकच गरज ओळखली होती. १९९५ साली निघालेल्या गेमएफएक्यूजवर खेळाडूंनीच लिहिलेल्या, साध्या मजकुराच्या मार्गदर्शिका असत. १९९९ च्या मोबीगेम्सने कोणता गेम कोणी घडवला याच्या नोंदी जमवल्या. हाऊलाँगटूबीट तर गेम संपवायला किती तास लागतात, एवढेच मुख्यतः सांगते. आपल्याला सर्वांत उपयोगी नमुना प्रोटॉनडीबीचा आहे. विंडोजसाठी केलेला गेम लिनक्स या दुसऱ्या संगणक प्रणालीवर कसा चालतो, हे तिथे लोक स्वतःच्या संगणकाच्या तपशिलासह नोंदवतात. आपल्याकडे बहुतेक जण मोबाइलवर खेळतात. तेव्हा चार जीबी रॅमच्या फोनवर बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा गेम अर्धा तास खेळल्यावर फोन किती तापतो, गेम कुठे अडखळतो आणि अपडेटला किती जागा लागते, याच्या नोंदी आपण मराठीत ठेवाव्यात.

प्रतिसाद १

उदाहरणे खरी आहेत, पण सोयीची निवडली आहेत. २००८ साली जायंट बॉम्ब हे गेमिंग संकेतस्थळ सुरू झाले तेव्हा लोक कोष्टके पाहायला नव्हे, तर गेम-समीक्षक जेफ गर्स्टमन आणि त्यांचे सहकारी खेळता खेळता काय बोलतात ते ऐकायला येत होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये निओगॅफ या गेमिंग चर्चामंचावर मोठा वाद झाल्यावर तिथली बरीच मंडळी उठून रीसेटएरा या नव्या मंचावर गेली. त्यांना कोणतीही नवी सोय नको होती, ओळखीची माणसे हवी होती. शिवाय फोनची मॉडेले इतकी, आणि अपडेट इतके वरचेवर येतात, की तुमच्या नोंदी सहा महिन्यांत शिळ्या होतील. आपली नोंद भरून गेलेला माणूस परत कशासाठी येईल?

प्रतिसाद २

नुसत्या गप्पाच हव्या असतील तर डिस्कॉर्ड हे गप्पांचे अॅप आहे, त्यासाठी संकेतस्थळाचा खटाटोप कशाला? मात्र तिथली चर्चा गुगलवर शोधून सापडत नाही, म्हणून नोंदींची कल्पना मला पटते. माझी अट वेगळी आहे. २०२३ मध्ये माइनक्राफ्ट विकीच्या, म्हणजे त्या गेमची माहिती खेळाडूंनीच लिहिलेल्या कोशाच्या, संपादकांनी असे कोश चालवणारी फॅन्डम ही कंपनी सोडून स्वतंत्र पत्त्यावर बस्तान हलवले. मजकुराचा परवाना तशी मुभा देणारा असल्याने त्यांना सगळा मजकूर नेता आला, पण जुनी प्रत फॅन्डमवर तशीच राहिली. लोकांनी फुकट लिहिलेल्या नोंदी उद्या कोणाच्या असतील, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवणार असाल तरच मी वेळ देईन.

मूळ प्रस्तावकाचे उत्तर

परवान्याची अट मान्य आहे. नोंदी शिळ्या होतात म्हणूनच प्रत्येकीवर तारीख आणि गेमची आवृत्ती हवी, आणि नवे अपडेट आले की तोच माणूस नवी नोंद करायला परत येईल. गर्स्टमन यांच्यामागे गेमस्पॉट या आधीच्या संकेतस्थळावरच्या अनेक वर्षांचा श्रोतृवर्ग होता आणि रीसेटएराला तर आयती वस्तीच मिळाली. आपल्याला ओळखते कोण?

प्रतिसाद १ चे उत्तर

ओळख मिळवावी लागते, आणि त्यासाठी मराठीत जागा रिकामी आहे. २०२० साली आलेला ‘राजी’ हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने घडवला. असे गेम घडवणाऱ्यांपैकी जे मराठी बोलतात, त्यांना त्यांच्याच भाषेत सविस्तर प्रश्न विचारणारे ठिकाण मला तरी माहीत नाही. तुमचे तापमानाचे कोष्टक उद्या कोणीही इंग्रजीत करील आणि वाचकाला तेवढेच पुरेल. या मुलाखतींचे तसे होणार नाही.