शब्दक्रम मोकळा, पण किती?
मराठीत शब्द कुठेही ठेवता येतात, मग स्थानांतराचा सिद्धांत (वाक्यातले घटक मूळ जागेवरून दुसरीकडे हलतात असं मानणारा) आपल्या काय कामाचा, असं काही जण विचारतात; हा मुद्दा मला मान्य नाही. आमच्या वेंगुर्ल्यात ‘आजीला रत्नागिरीहून आलेला पाहुणा भेटला’ म्हणतात, ‘रत्नागिरीहून आलेला पाहुणा आजीला भेटला’ हेही सर्रास चालतं. पण ‘रत्नागिरीहून आजीला आलेला पाहुणा भेटला’? शाळेची पायरी न चढलेली म्हातारीसुद्धा अडखळेल. अख्खा पदबंध, म्हणजे ‘रत्नागिरीहून आलेला पाहुणा’ हा शब्दांचा गट, हलतो, त्याच्या पोटातलं ‘रत्नागिरीहून’ एकटं बाहेर पडत नाही. भाषावैज्ञानिक जॉन रॉसने १९६७च्या प्रबंधात अशा रचनांना ‘बेटं’ म्हटलं. हा नियम आपल्याला कुणीच शिकवलेला नसतो, मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं! दुसरा भाषावैज्ञानिक रिचर्ड केन याने १९९४ मध्ये सगळ्याच भाषांचा मूळ क्रम कर्ता-क्रियापद-कर्म मानला, म्हणजे मराठीतलं कर्म कायम जागा सोडून क्रियापदाआधी आलेलं. ते मात्र मला अजून पटत नाही.