पद्मिनी आणि ड्रॅग : कार्ब्युरेटर शेवटी

रोजच्या वापरातली प्रीमियर पद्मिनी ४०२ मीटरच्या ड्रॅगसाठी (सरळ रेषेतल्या वेगाच्या शर्यतीसाठी) तयार करताना आधी मोठा कार्ब्युरेटर (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) बसवावा का, असा प्रश्न आपल्या वाशीच्या सभासदांनी विचारला आहे. माझ्या मते तो शेवटी बसवावा. १०८९ सीसीच्या इंजिनातून मिळणारी वाढ मर्यादितच असते. क्लच झटक्यात सोडताच मागचे पाटे (मागच्या धुरीच्या पट्टीच्या स्प्रिंगा) पिळले जातात, चाके उड्या मारतात आणि असलेली ताकदही जमिनीला लागत नाही. म्हणून पाट्यांचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) बदलून ट्रॅक्शन बार (पाटे पिळू न देणारे दांडे) बसवून घ्यावेत. मूळ ड्रम ब्रेकवर वेगातली गाडी थांबवणे हे तर पळवण्याहून अवघड. इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने जुन्या रबरी नळ्या खराब होतात, त्याही बदलाव्यात. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर रात्री सराव करण्याचा मोह (तो होतोच) टाळून चाचणी इतर वाहतुकीला बंद असलेल्या धावपट्टीवरच घ्यावी.