मदत हवी आहे: ट्यूनर बरोबर म्हणतो, तरी गिटारचा गंधार टोचतो

मोकळी_तार | बुधवार, रात्री ११:१२

नमस्कार. रविवारी सकाळी ११ ला स्टुडिओ घेतलाय, पैसे भरून झालेत आणि माझी गिटार सुरात लागत नाहीये. तीन दिवस हेच चाललंय. ट्यूनर (सूर मोजणारं यंत्र) लावला की सहाही तारांना हिरवा दिवा, आणि वाजवायला बसलो की गंधार (ग) टोचतो. तारा नव्या आहेत. दुकानात दाखवून आणली, ते म्हणाले गिटारमध्ये दोष नाही.

एकट्या गिटारवर सहा रचनांचा अल्बम करायचाय, गिटारवर रागांचा ढंग आणणाऱ्या अमेरिकन रॉबी बाशोच्या वाटेवरचा. पहिली रचना माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओवीची आहे, तीच रविवारी घ्यायची आहे. काय करू? कृपया लवकर सांगा.

खुंटीपिळ | बुधवार, रात्री ११:४०

सहा तारी की बारा तारी? ट्यूनिंग नेहमीचं की वेगळं? तारा किती जाडीच्या? टोचतो तो मोकळ्या तारेचा गंधार की दाबलेला? यातलं काहीच लिहिलेलं नाही, उत्तर कसं देणार?

दापोलीकर | गुरुवार, सकाळी ७:०५

हवा दमट आहे, दुसरं काही नाही. जुलैत माझ्या गिटारचं पोट वर येतं, तारा फ्रेटपासून (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांपासून) उंच जातात, मग दाबली की स्वर चढतो. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, दोन दिवसांत फरक पडेल. मी दहा वर्षं हेच करतोय.

मोकळी_तार | गुरुवार, सकाळी ८:३०

सहा तारी, स्टीलच्या तारा. एक्स्ट्रा लाइट सेट, जाडी १० ते ४७ (इंचाचे हजारांश). ट्यूनिंग बाशोचं, जाड तारेकडून सी-जी-सी-जी-सी-ई, म्हणजे सा-प-सा-प-सा-ग. हवेचं कारण नाही, बाराव्या फ्रेटवर तपासलंय, तिथे बरोबर येतो. आणि मोकळी पहिली तारच टोचते, दाबायचा प्रश्नच नाही.

खुंटीपिळ | गुरुवार, सकाळी ९:१५

आता कळलं. ४७ ची सहावी तार ई वरून खाली सी ला आणलीस की तिचा ताण ३७ टक्क्यांनी उतरतो. (कंपनसंख्या ८२.४ वरून ६५.४ वर येते आणि ताण तिच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो.) एवढी सैल तार जोरात छेडली की आधी चढी वाजते आणि मग खाली येऊन बसते. ट्यूनर ती बसल्यावरचा स्वर दाखवतो, कान मात्र पहिला ठोका ऐकतो. १३-५६ चा मीडियम सेट घाल, निदान सहावी तार तरी बदल.

मोकळी_तार | गुरुवार, सकाळी ९:२१

पण दादा, टोचतो तो गंधार. खर्ज, म्हणजे जाड तारेचा खालचा सूर, नाही.

सरकपट्टी | गुरुवार, दुपारी १:५०

फ्रेटवर बोट दाबून राग वाजवायचा हट्टच चुकीचा आहे. गिटार मांडीवर आडवी घ्या, खुंट्यांकडच्या टोकाला तारा उंच करा आणि स्टीलच्या पट्टीने वाजवा. पंडित ब्रिजभूषण काब्रांनी हेच केलं. 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) मधली त्यांची गिटार ऐका, संतूर आणि बासरीच्या शेजारी ती कुठे परकी वाटते का? पट्टीला फ्रेट आडवा येत नाही, हव्या त्या श्रुतीवर थांबता येतं, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) तर सरळ गळ्यासारखी येते. काब्रा सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. तुमच्या बाशोनेही अमेरिकेत खाँसाहेबांकडेच धडे घेतले, म्हणजे दोघे गुरुबंधूच झाले. एकाने पट्टी धरली, दुसरा बोटांवर राहिला. कोण रागाच्या जास्त जवळ पोचला ते ऐकून ठरवा.

बारातारी | गुरुवार, दुपारी २:३०

सरकपट्टी, त्यांना रविवारी रेकॉर्ड करायचंय आणि तुम्ही नवीन वाद्य शिकायला सांगताय! बाशोला काब्रांच्या मापाने मोजूही नका. 'द सील ऑफ द ब्लू लोटस' हा त्याचा १९६५ चा पहिला अल्बम, गिटारवादक जॉन फेहीच्या टाकोमा कंपनीने काढलेला. त्याने राग शिकून मांडला, असा माझा दावा नाहीच. स्टीलच्या तारांच्या गिटारला मैफलीचं वाद्य म्हणून मान मिळावा, हा त्याचा ध्यास होता. आलापासारखी संथ सुरुवात, खाली गुंजत राहणारी मोकळी तार, हळूहळू चढत जाणारी लय, हे त्याने आपल्याकडून घेतलं आणि अमेरिकन लोकगीतांच्या बोटांनी वाजवलं. १९८६ मध्ये अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेला तो. हयातीत फारच थोड्यांनी ऐकला.

धागाकर्त्याला उपाय सांगतो. ट्यूनिंग बदला, डी-ए-डी-जी-ए-डी लावा. ब्रिटनच्या डेव्ही ग्रॅहमने साठीच्या दशकात ते रुळवलं. त्यात मोकळ्या तारांवर गंधारच नाही, मग टोचेल काय?

शंकेखोर | गुरुवार, दुपारी ३:१०

राग कोणता वाजवताय ते अजून सांगितलेलंच नाही. विचारल्याशिवाय काही सांगायचंच नाही असं ठरवलंय का?

मोकळी_तार | गुरुवार, दुपारी ३:१४

भूप. ओवी, गंधार, सी-जी-सी-जी-सी-ई म्हटल्यावर लक्षात येईल असं वाटलं.

शंकेखोर | गुरुवार, दुपारी ३:३२

मग बारातारींचा उपाय बाद. षड्ज (सा) डी धरला तर तिसरी मोकळी तार मध्यम (म) होते आणि भूपात मध्यम वर्ज्य. दर दोन मिनिटांनी तो मागून वाजत राहणार.

बारातारी | गुरुवार, दुपारी ३:४५

षड्ज जी धरा. मग मोकळ्या तारांवर फक्त सा, रे, प येतात, तिन्ही भूपातले.

शंकेखोर | गुरुवार, दुपारी ३:५८

आणि खर्जाचा षड्ज कुठून आणणार? सर्वांत खालची तार पंचम होईल. षड्जाच्या पायाशिवाय भूप अधांतरी वाटतो. शिवाय मुळात ओवीला भूप का चिकटवायचा? दळणारी बाई राग म्हणत नव्हती.

मोकळी_तार | गुरुवार, दुपारी ४:२०

मी चिकटवलेला नाही. आजीची चाल सा रे ग प मध्येच फिरते, धैवतापर्यंत क्वचित जाते. ती ओळ संपवताना गंधारावर थांबायची, जात्याची एक फेरी पूर्ण होईपर्यंत तिथेच, आणि मग मूठभर धान्य टाकून पुढची ओळ. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वरही गंधारच. म्हणून तो राग घेतला आणि नेमका तोच स्वर टोचतोय. म्हणून जीव टांगणीला लागलाय.

नगरचा_वाटसरू | गुरुवार, संध्याकाळी ६:०२

अवांतर आहे, पण बाशोचं नाव वाचून राहवलं नाही. तो मेहेरबाबांना मानायचा, सूफीझम रीओरिएंटेड या त्यांच्या अमेरिकेतल्या शिष्यसंस्थेत होता. मेहेरबाबा पुण्यात जन्मले (१८९४), १९२५ च्या जुलैपासून शेवटपर्यंत मौनात राहिले, आणि त्यांची समाधी आमच्या नगरजवळ अरणगावला, मेहेराबादेत आहे. ३१ जानेवारीला अमरतिथीला (पुण्यतिथीला) जगभरातून माणसं येतात. वेळ मिळाला तर एकदा येऊन जा, गिटार घेऊन.

छोटीची_आई | गुरुवार, रात्री ८:११

मुलगी सातवीत आहे, तिला गिटार शिकायची आहे. नायलॉनच्या तारांची घ्यावी की स्टीलच्या? बोटं दुखतात म्हणे.

मिरजेची_सुमनताई | गुरुवार, रात्री ९:२६

मोकळी_तार, एक विचारते. वाजवताना तानपुरा लावलेला असतो का?

मोकळी_तार | गुरुवार, रात्री ९:३०

हो, मोबाईलवर. सी मध्ये. तो तर कायम चालूच असतो.

मिरजेची_सुमनताई | गुरुवार, रात्री १०:१५

मग हे आधी सांगायचं होतंस, बाळा. तुझी गिटार बिघडलेली नाही आणि तुझा कानही शहाणा आहे.

मी गाणं शिकायला लागले तेव्हा पहिले कित्येक महिने गुरुजींनी तानपुराच लावायला दिला. जवारीवरचा, म्हणजे तानपुऱ्याच्या घोडीवरचा, दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे. एका संध्याकाळी खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू आला, कोणीही न छेडलेला. गुरुजी म्हणाले, हा स्वयंभू गंधार, तो दिसला म्हणजे तानपुरा लागला. कुठल्याही तारेच्या पोटात मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा स्वर असतो, तोच हा. ट्यूनर दाखवतो तो गंधार वेगळा. त्याने सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेत आणि त्या वाटणीत गंधार स्वयंभूपेक्षा १४ सेंट (लगतच्या दोन स्वरांतल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा) चढा येतो. तुझी पहिली तार सेकंदाला ३२९.६ कंपनांना लागते, तानपुऱ्याचा गंधार ३२७ ला. ती छेडून नुसती ऐकत बस, सेकंदाला साधारण अडीच हेलकावे येतील. तेच तुला टोचतंय.

आता ट्यूनर बंद कर. खर्जाची सहावी तार नीट लाव. चौथ्या पडद्याच्या (फ्रेटच्या) किंचित अलीकडे, खुंट्यांच्या बाजूला, बोट दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. तार छेड आणि बोट उचल. घंटेसारखा जो स्वर निघेल तो तुझा गंधार. पहिली तार त्याला मिळव, हेलकावा थांबेपर्यंत उतरव.

खुंटीपिळ | गुरुवार, रात्री १०:५०

ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आत्ता करून पाहिलं, तार मिळाली की गिटारची सगळी पेटी भरून वाजते. पण एक अडचण आहे. पहिली तार १४ सेंट उतरवली की तिच्यावर दाबलेले सगळेच स्वर उतरणार. तिसऱ्या फ्रेटचा पंचम पडेल.

मिरजेची_सुमनताई | गुरुवार, रात्री ११:१०

पडेल, म्हणून पंचम तिसऱ्या मोकळ्या तारेवर किंवा दुसरीच्या सातव्या पडद्यावर घ्यायचा. सा मोकळ्या दुसऱ्या तारेवर, रे तिच्याच दुसऱ्या पडद्यावर. पहिली तार गंधारासाठी राखायची. तिच्यावरच्या पाचव्या पडद्याचा धैवतही आता गोड लागेल, त्यालाही एवढंच उतरायला हवं होतं. आणि पंचम तिथेच हवा असेल तर तार जराशी ओढून वर न्यायची. ओढून स्वर चढवता येतो, पडद्याच्या खाली उतरवता येत नाही, म्हणून तार उतरी असलेलीच बरी. सतारीचे पडदे सरकवता येतात, तुझे येत नाहीत.

सरकपट्टी | गुरुवार, रात्री ११:३०

पट्टीवर ही कसरत करावी लागली नसती. पण उपाय बरोबर आहे.

मोकळी_तार | शुक्रवार, रात्री १०:४०

मिळाला! सुमनताई, नमस्कार करतो. सैल ४७ वर तो घंटेचा स्वर नीट निघतच नव्हता, म्हणून खुंटीपिळ दादांचंही ऐकलं आणि जाड तार आणली. आता ओळीच्या शेवटी गंधारावर थांबलो की तानपुरा आणि गिटार वेगळे कळत नाहीत. फेरी पूर्ण होईपर्यंत थांबता येतं. आजी थांबायची तसं.

फक्त ५६ ची तार नटच्या (खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत बसत नाहीये, वर तरंगते. कानशीने खाच मोठी करू का आज रात्रीच?

खुंटीपिळ | शुक्रवार, रात्री १०:४४

अजिबात नको. खाच एकदा खोल गेली की मोकळी तार फ्रेटवर खरखरणार आणि रविवारपर्यंत नवा नट बसवून मिळणार नाही. उद्या १२-५३ चा सेट आण, ५३ बहुतेक खाचांत बसते. सकाळीच घाल म्हणजे ताणून बसायला दिवसभर मिळेल. आणि स्टुडिओवाल्याला आधीच बजावून ठेव, नाहीतर तो ट्यूनर लावून पहिली तार परत वर चढवेल.

छोटीची_आई, नायलॉन घ्या.