जर्मनीतलं एक सेमिस्टर: तुमचे अनुभव लिहा

येत्या मार्चमध्ये माझी मामेबहीण सहा महिन्यांसाठी जर्मनीला जाते आहे. पूर्ण पदवीसाठी नाही, दोन विद्यापीठांमधल्या करारावर, एकाच सेमिस्टरसाठी. परवा तिने फोनवर विचारलं, "दादा, तिथे रुळायला किती दिवस लागतात रे?" मला धड उत्तर देता येईना. पदवीला गेलेल्यांना रुळायला दोन वर्षं मिळतात. आपल्याला तेवढी सवड नसते. मी गेलो होतो त्या हिवाळी सेमिस्टरचे तास साधारण ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीच्या मध्याला संपतात. नाताळची सुट्टी वजा केली की हातात जेमतेम साडेतीन महिने उरतात. घडी बसते न बसते तोच सामान बांधायची वेळ येते.

म्हणून हा धागा. जाऊन आलेल्यांनी लिहा, सध्या तिथे आहेत त्यांनीही लिहा. माहितीपत्रकात असतं ते नको. तुमचं स्वतःचं काय अडलं आणि ते कसं सुटलं, ते हवं आहे.

सुरुवात मी करतो.

हिवाळी सेमिस्टर २०२३

व्हिसासाठी पैसे एका गोठवलेल्या खात्यात ठेवावे लागतात. त्याला श्पेरकोन्टो म्हणतात. माझ्या वेळी त्यातून महिन्याला ९३४ युरो सुटायचे. ते घ्यायला मी तिथल्या बँकेत खातं उघडलं. कार्ड एका पाकिटातून आणि पिन दुसऱ्या पाकिटातून, दोन्ही टपालाने येतील असं सांगितलं गेलं. आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. खात्यात पैसे दिसत होते आणि काढता येत नव्हते. बरोबर नेलेली रोकड संपत आली. बँकेत गेलो, तर ते म्हणाले पाकिटं आमच्याकडे परत आली, तुमचा पत्ता चुकीचा आहे. पत्ता मी दहा वेळा तपासला होता. रस्ता बरोबर, घर क्रमांक बरोबर.

शेवटी जिन्यात भेटलेल्या शेजारच्या आजींना मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं. त्या मला हाताला धरून खाली टपालपेट्यांपाशी घेऊन गेल्या आणि माझ्या खोलीच्या पेटीवर बोट ठेवलं. त्यावर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. तिथल्या पत्त्यात सहसा खोलीचा किंवा फ्लॅटचा क्रमांक लिहीत नाहीत. पोस्टमन पेटीवरचं नाव वाचतो, नाव नसेल तर पाकीट परत जातं. आपल्याकडे पोस्टमन चार घरी विचारून पत्र पोहोचवतो, त्यामुळे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच संध्याकाळी कागदाच्या पट्टीवर ठळक अक्षरात आडनाव लिहून चिकटपट्टीने लावलं. बँकेला पुन्हा पाठवायला सांगितलं आणि आठवड्याभरात दोन्ही पाकिटं आली.

त्या तीन आठवड्यांत मी कुणालाच विचारलं नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं. शेजारच्या आजी पहिल्या दिवसापासून तिथेच होत्या.

अर्थशास्त्र, हिवाळी सेमिस्टर २०२१

माझा अनुभव कडू आहे, पण लिहिते, कारण हे दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये असं मनापासून वाटतं.

विषयाला नाव घालणं आणि परीक्षेला नाव घालणं या तिथल्या कित्येक विद्यापीठांत दोन वेगळ्या गोष्टी असतात. मला हे माहीत नव्हतं. इथे आपण फी भरली, वर्गात बसलो की परीक्षेचा फॉर्म कॉलेजच पुढे करतं, कुणीतरी वर्गात येऊन मुदत सांगतं. तिथे मी ऑक्टोबरपासून प्रत्येक तासाला हजर होते. जानेवारीत शेजारी बसणाऱ्या मुलीने सहज विचारलं, "तू क्लाउझूरला नाव घातलंस ना?" क्लाउझूर म्हणजे लेखी परीक्षा. ऑनलाइन नोंदणीची मुदत डिसेंबरमध्येच संपली होती.

परीक्षा कार्यालयात गेले. खिडकीमागच्या बाई शांतपणे म्हणाल्या की तारीख संकेतस्थळावर होती. आवाज चढवला नाही, रागावल्या नाहीत. नियम दाखवला आणि विषय संपला. बाहेरच्या बाकावर बसून मी खूप रडले. सहा क्रेडिटचा विषय होता. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे माझे दीडशे तास कागदावर शून्य झाले. घरच्या कॉलेजला तो विषय दाखवता आला नाही आणि परतल्यावर त्याच्या जागी दुसरा करावा लागला.

वाट दाखवली ती विभागातल्या फाखशाफ्टच्या मुलांनी. फाखशाफ्ट म्हणजे त्या त्या शाखेचं विद्यार्थी मंडळ. त्यांची छोटी खोली असते, जुन्या प्रश्नपत्रिका असतात, बहुधा कॉफीही असते. त्यांनी माझे उरलेले तीनही विषय एकेक करून तपासले आणि एका विषयाची मुदत अजून उघडी असल्याचं दाखवलं. तिथे पहिल्याच आठवड्यात जायला हवं होतं. तुम्ही जा.

मेकॅनिकल, उन्हाळी सेमिस्टर २०१९

दोनच गोष्टी. वेळापत्रकात १० च्या पुढे 'त्से ते' (c.t.) अशी दोन अक्षरं दिसली तर तास सव्वादहाला सुरू होतो. हा जुना 'विद्यापीठाचा पाव तास' आहे. त्याऐवजी 'एस ते' (s.t.) असतील तर मात्र बरोबर दहाला. मी पहिल्या दिवशी रिकाम्या सभागृहात बसून इमारत चुकली असं समजून दुसरीकडे गेलो आणि निम्मा तास बुडवला.

दुसरं, तास संपल्यावर टाळ्या नाहीत. सगळे बाकावर बोटांच्या सांध्यांनी ठकठक करतात. पहिल्यांदा शंभर-दीडशे जणांची ती ठकठक ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता. महिन्याभराने माझाही हात आपोआप बाकावर जायला लागला, तेव्हा वाटलं की आता मी इथला झालो.

समाजशास्त्र, हाम्बुर्ग, हिवाळी सेमिस्टर २०२२

मला कागदपत्रांचा त्रास झाला नाही. मला त्रास झाला तो बंद दारांचा.

चौघांचं घर होतं, प्रत्येकाची खोली वेगळी आणि स्वयंपाकघर एकच. याला ते 'वे-गे' म्हणतात. घरातले सगळे आपापल्या खोलीचं दार लावून बसायचे. आमच्या घरी दिवसा दार लावून बसलं की आई विचारते, "काय बिनसलं?" त्यामुळे मला वाटायचं, यांना माझं काहीतरी खटकलंय. मग मीही दार लावून बसायला लागले. डिसेंबरमध्ये हाम्बुर्गला सकाळी साडेआठला उजाडतं आणि दुपारी चारला मावळतं. कधी कधी सलग दोन दिवस दुकानदाराशी 'धन्यवाद' एवढंच बोलणं व्हायचं. घरी फोनवर "मस्त चाललंय" म्हणायचे आणि फोन ठेवून रडायचे.

घरच्या सवयीने मी चपला-बूट खोलीच्या दाराबाहेर काढत असे. ६ डिसेंबरला सकाळी दार उघडलं तर बुटात एक संत्रं, दोन अक्रोड आणि चांदीच्या कागदातलं चॉकलेट. मला काही उमगेना. स्वयंपाकघरात गेले तर तिघंही तिथे. आदल्या रात्री बूट बाहेर ठेवले की निकोलाउस नावाचा संत त्यात खाऊ ठेवून जातो, असा तिथला लहान मुलांचा सण आहे. माझे बूट रोजच बाहेर दिसायचे, म्हणून एकीला वाटलं की मला हा सण माहीत आहे आणि मी वाट बघते आहे.

त्या दिवशी मी त्यांना विचारूनच टाकलं की तुम्ही दारं का लावता. तिघांनाही प्रश्न कळेना. "अगं, गार हवा आत येते आणि अभ्यास करायचा असतो." बस, एवढंच. दाराचा माझ्याशी काही संबंध नव्हता. त्यानंतर मी पुस्तकं घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावरच बसायला लागले. चहा करायला येणारा प्रत्येक जण पाच मिनिटं तरी टेकायचा. जानेवारी कसा गेला कळलं नाही.

अजून एक. विद्यापीठांच्या गावांत श्टुडिअरेंडनवेर्क नावाची संस्था असते, खानावळी आणि वसतिगृहं चालवणारी. बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडे मानसिक आधारासाठी समुपदेशकही असतात. माझ्यासारखे दोन महिने एकटीने काढू नका.

श्टुटगार्ट, हिवाळी सेमिस्टर २०१७

थंडी आत येऊ नये म्हणून मी महिनाभर खिडकी उघडली नाही, कपडेही खोलीतच वाळवले. कपाट सरकवलं तर मागे भिंतभर काळी बुरशी. घरमालकांनी अनामत रकमेतून पैसे कापले आणि खोलीत हवा खेळती ठेवायचं भाडेकरारात लिहिलं होतं, म्हणून मला बोलता आलं नाही. दिवसातून दोन-तीनदा खिडकी सताड उघडून पाच-दहा मिनिटं वारा येऊ द्यायचा, फटीएवढी उघडी ठेवून उपयोग नाही. आणि श्वाबेन भागात राहणार असाल तर दाराला 'केरवोखं' लिहिलेली पाटी अडकवलेली दिसेल. याचा अर्थ या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. झाडून झाल्यावर पाटी पुढच्या दाराला लावायची. मी नीट झाडतो हे पाहिल्यावर वरच्या मजल्यावरचे काका पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

सध्या तिथेच

ऑक्टोबरमध्ये आले आहे. राहत्या पत्त्याची नगरपालिकेतली नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, दोन आठवड्यांत करायची असते, पण ऑनलाइन वेळच महिन्यानंतरची मिळत होती. इथल्या एका सीनियर ताईने सांगितलं की सकाळी सातच्या सुमारास पान उघडून बघ, रद्द झालेल्या वेळा दिसतात. तिसऱ्या दिवशी मिळाली. घरमालकाच्या सहीचा कागद आधीच घेऊन ठेवला होता, त्यामुळे दहा मिनिटांत काम झालं.

पेटीवर नाव आहे, आत्ताच खाली जाऊन पाहून आले. पण वरचा परीक्षेचा अनुभव वाचून पोटात गोळा आला आहे. विषयांना नाव घातलंय, परीक्षेला घातलंय का ते मला खरंच माहीत नाही. उद्या नऊला कार्यालय उघडतं. आल्यावर इथेच लिहिते.