मिठाचा 'रेणू' म्हणावा का?

विज्ञान शिक्षिका, दर्यापूर:
नववीच्या चाचणीत बऱ्याच मुलांनी 'सोडियम क्लोराइडचा एक रेणू' असं लिहिलंय. पाण्याचा रेणू चालतो, मग मिठाचा का नाही, असं ती विचारतात. प्रश्न रास्त आहे. गुण द्यावेत का?

निवृत्त प्राध्यापक, अमरावती:
ताई, मिठाला 'रेणू' नको. पाण्यात दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन इलेक्ट्रॉन वाटून घेतात, आणि त्या तिघांचा गट वाफ झाली तरी फुटत नाही. तो रेणू. मिठात वाटणी नाही, देणंघेणं आहे. सोडियम (कक्षांमध्ये इलेक्ट्रॉन 2, 8, 1) शेवटचा इलेक्ट्रॉन देऊन धन आयन, म्हणजे धन विद्युतभार असलेला कण, होतो, क्लोरीन (2, 8, 7) तो घेऊन क्लोराइड हा ऋण आयन होतो. इथवर मुलांना कळतं. पुढे ती दोघांची जोडी लावून देतात, घोळ तिथे होतो. मिठाच्या खड्यात प्रत्येक सोडियम आयनाला लागून सहा क्लोराइड असतात आणि प्रत्येक क्लोराइडला लागून सहा सोडियम. त्यातला त्याचा स्वतःचा कोणता? एकही नाही. 1913 च्या सुमारास ब्रॅग पितापुत्रांच्या क्ष-किरणांवरच्या कामातून हे दिसलं. सूत्र फक्त एकास एक हे प्रमाण सांगतं, म्हणून 'सूत्र-एकक' म्हणा. आकर्षण असं चहूबाजूंनी असल्यानेच मीठ वितळायला 801 अंश सेल्सिअस लागतात.

शेतकरी, अकोट:
सर, आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट आणला, त्यात सोडियम अलग, क्लोराइड अलग, बायकार्बोनेट अलग. मीठ कुठीच लिहेल नाही. पाणी तं तोंडात धरवत नाही. मंग मीठ गेलं कुठी?

निवृत्त प्राध्यापक, अमरावती:
भाऊ, रिपोर्ट बरोबर आहे. पाण्यात आयन सुटे होतात. एखादा सोडियम क्लोराइडसोबत आला की बायकार्बोनेटसोबत, हे मग सांगताच येत नाही, म्हणून प्रयोगशाळा एकेक आयन मोजते. तुम्ही शेतात जिप्सम टाकता, तेही याच हिशेबाने. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा त्यातला कॅल्शियम घेतो, आणि सुटलेला सोडियम पाण्यासोबत खाली उतरतो. मात्र निचरा हवा, नाहीतर तो वावरातच राहतो.

कृषी केंद्र चालक, मूर्तिजापूर:
मग युरियाही आयनिकच ना? पांढरा आहे, लगेच विरघळतो.

निवृत्त प्राध्यापक, अमरावती:
नाही. युरिया सहसंयुज आहे, म्हणजे पाण्यासारखी इलेक्ट्रॉनची वाटणी, तिथे खुशाल रेणू म्हणा. पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आयनिक. 'धातू असेल तरच आयनिक' हीही खूण धरू नका, अमोनियम सल्फेटमध्ये धातू नाही, तरी ते आयनिकच. विरघळण्यावर तर मुळीच जाऊ नका, साखरही विरघळते. द्रावणातून वीज जाते का ते पाहा.

विज्ञान शिक्षिका, दर्यापूर:
मग उद्या वर्गात तीन ग्लास मांडते: मीठ, युरिया, पोटॅश. सोबत नऊ व्होल्टची बॅटरी, पेन्सिलीची शिसं आणि एक एलईडी. सूत्र बरोबर लिहिणाऱ्यांना अर्धा गुण देईन. उरलेला अर्धा, दिवा कुठे लागला आणि का, हे लिहून दिल्यावर.