हात उगारत नाही, पण घरी जावंसं वाटत नाही

निनावी_घणसोली
लग्नाला ६ वर्षं झाली, मुलगी ४ वर्षांची. नवरा दारू पीत नाही, हात उगारत नाही, त्यामुळे कुणाला सांगायला गेलं की अगं मग प्रॉब्लेम काय आहे. पगार झाला की कार्ड त्याच्याकडे, रिक्षाचे पैसेसुद्धा मागून घ्यायचे आणि रात्री हिशोब द्यायचा. काही मनाविरुद्ध झालं की बोलणं बंद, मागच्या महिन्यात ११ दिवस, सगळे निरोप मुलीच्या तोंडून, "आईला सांग मीठ जास्त झालंय". शेवटी सॉरी मीच म्हणायचं, कशाबद्दल ते माहीत नसलं तरी. चारचौघांत एवढा गोड की माझी आईच म्हणते नशीब काढलंस. हल्ली ठाण्याहून येताना घणसोलीला उतरते आणि बाकड्यावर बसून राहते, पनवेलच्या दोन-तीन गाड्या जाऊ देते मग उठते. मीच जास्त सेन्सिटिव्ह आहे का?

कळव्याची_मावशी
मिठाचं वाचून पोटात गोळा आला गं. माझे सासरे असेच होते. जिन्यात त्यांची चप्पल वाजली की सासूबाई टीव्ही बंद करायच्या. ते जाऊन ८ वर्षं झाली, अजून साडेसात वाजले की त्यांचा हात रिमोटकडे जातो. त्यांनाही कधी मारलं नव्हतं.

साधा_माणूस_वाशी
एका बाजूचं ऐकून काय बोलणार. अबोला कुठल्या घरात नसतो, आमचाही होतो दोन-दोन दिवस.

कोर्टाची_पायरी
दादा, तुमच्याकडे दोघंही रुसतात, इथे एक जण रुसतो आणि दुसरीने नाक घासायचं, कार्डही त्याच्याच खिशात.
ताई, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे ना, त्याच्या कलम ३ मध्ये मारहाणीसोबत शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळ पण येतो. घटस्फोट मागायलाच हवा असं काही नाही. संरक्षण अधिकारी म्हणजे याच कायद्यासाठी नेमलेला सरकारी माणूस, त्याच्याकडे तक्रार नोंदवता येते, पुढे मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. घर त्याच्या नावावर असलं तरी तुम्हाला असंच बाहेर काढता येत नाही, कलम १७. वकिलाची फी नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, ठाण्याच्या कोर्टात आहे, बायकांना फुकट वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. नुसतं बोलायचं असेल तर १८१, महिलांची हेल्पलाइन. पण कॉल घरच्या फोनवरून नको, आणि पगाराचं खातं रागाच्या भरात बदलू नका, आधी कुणाशी तरी बोला, पैसा हातातून जायला लागला की ही माणसं जास्त बिथरतात.

कळव्याची_मावशी
आणि मुलीचा जन्मदाखला, तुझं आधार, दागिन्यांच्या पावत्या, सगळ्याच्या झेरॉक्स माहेरी ठेव. आईला मिठाचं सांग, नशिबाचं नंतर बोलू म्हणावं.

निनावी_घणसोली
१८१ ला केला आज, ऑफिसच्या फोनवरून, जिन्यात उभं राहून. मधेच रडायला आलं तर त्या बाई थांबल्या, घाई नाही केली. झेरॉक्स काढल्यात. पर्स तो रोज बघतो म्हणून सध्या ड्रॉवरमध्ये टाकल्यात, किल्ली मैत्रिणीकडे. शनिवारी आईकडे जातेय, मुलीला घेऊन.