मदत हवी आहे : पोहता न येणाऱ्या आईला ग्रेट बॅरिअर रीफ कशी दाखवावी?

येत्या सप्टेंबरमध्ये आईला घेऊन ऑस्ट्रेलियातील केर्न्स येथे जायचे असून, तेथील प्रवाळ, महाकाय शिंपले आणि पोपटमासे तिला प्रत्यक्ष पाहता यावेत, अशी इच्छा आहे. ती सत्तरीची आहे, तिला पोहता येत नाही, गुडघे दुखतात आणि बोट लागते. त्यामुळे स्नॉर्केलिंगचा पर्याय कृपया सुचवू नये.

सहल कंपन्यांना ईमेल पाठवले होते, परंतु उत्तरादाखल केवळ माहितीपत्रके आली, ज्यांत प्रत्येक प्रवाळ कृत्रिम प्रकाशात उजळलेला आहे. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेत असल्याने प्रत्यक्ष दृश्य निळसरच दिसणार, याची कल्पना आहे.

केर्न्सपासून सुमारे २७ किलोमीटरवरील ग्रीन आयलंड येथे काचेच्या तळाची बोट मिळते आणि प्रवासही थोडा आहे. बाह्य रीफवरील तरंगत्या फलाटांवर अर्धपाणबुडीची (जिच्या पाण्याखालील भागात बसून खिडक्यांतून बाहेर पाहता येते, अशा बोटीची) सोय असते, पण तिथवर पोहोचण्यास दीड ते दोन तास लागतात.

२०२४ च्या व्यापक विरंजनानंतर (समुद्राचे पाणी तापल्याने प्रवाळ पांढरे पडण्याच्या घटनेनंतर) तेथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे: ग्रीन आयलंडच्या बोटीतून जिवंत प्रवाळ पुरेसे दिसतात का, की बाह्य रीफपर्यंतचा प्रवास सोसावाच? आणि अर्धपाणबुडीत उतरण्याचा जिना गुडघेदुखी असणाऱ्यांना झेपतो का?